7-1 ने जिंकलो, म्हणून लिहितोय

बफेलो
24 डिसेंबर 2024

प्रिय पश्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. दिवाळीला तू पाठवलेल्या चकल्यांच्या फोटोला नुसता अंगठा दाखवला, त्यानंतर एक अक्षर नाही. कारणं देत बसत नाही, तुला पटणारही नाहीत. प्रकृती बरी. गुडघा कुरकुरतो. बर्फ नेहमीचाच.

काल सेबर्स, आपला बफेलोचा आइस हॉकीचा संघ, जिंकले. 7-1. तेही न्यूयॉर्क आयलंडर्सच्या घरी जाऊन. आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. इथे कुणाला सांगावं तर म्हणतात, अरे, सलग 13 हरल्यावर जिंकले, पेढे वाट! तुला मात्र कळेल. हेच आयलंडर्स, हेच अरीना, 30 नोव्हेंबरला इथेच आपण 3-0 ने हरलो होतो. तीन आठवड्यांत ना पोरं बदलली, ना कोच. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणत तेरा वर्षं मनाची समजूत घालता येत होती. काल कळलं, आडात आहे रे. पोहराच फुटका आहे.

हिशेब सांगतो, तुला आकडे लागतात. नोव्हेंबरच्या चौथ्या आठवड्यापर्यंत 21 सामने, 11 विजय, 23 गुण. म्हणजे थोडी आशा धरायला हरकत नव्हती. मग 13 सामने: दहा सरळ हरले, तीन ओव्हरटाइम-शूटआउटमध्ये. 26 पैकी 3 गुण (विजयाला 2, ओव्हरटाइम-शूटआउटमध्ये हरलं तरी 1), तेही हरल्याबद्दलचे! काल मिळालेले धरून 35 सामन्यांत 28. प्लेऑफला, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीला, साधारण 95 लागतील असं धर. उरलेल्या 47 सामन्यांत 67 हवेत. हा वेग अख्खा मोसम धरला तर 117 होतात, आणि गेल्या वर्षी अख्ख्या लीगमध्ये पहिल्या आलेल्या रेंजर्सचे होते 114. कळलं? डिसेंबर संपायच्या आत गाशा गुंडाळला.

पण हरण्याचं दुःख नाही, ते आता अंगवळणी पडलंय. कसं हरतात त्याचा संताप आहे. 3 डिसेंबरची कोलोराडोची मॅच तू पाहिली असशीलच. तीनपैकी पहिल्याच पिरियडमध्ये 4-0 ने पुढे. घरच्या मैदानावर. आणि शेवटी 5-4 ने हरले. त्या संध्याकाळी आपल्या बचावपटू डालिनची पाठ धरली आणि पुढचे काही सामने तो बाहेर बसला, हे खरं. पण चार गोलांची आघाडी एका माणसाच्या पाठीवर उभी असते का?

आघाडी घेतल्यावर काय करायचं हे शाळकरी संघांनाही शिकवतात. मैदानाच्या मधली लाल रेषा ओलांडली, समोर त्यांच्या भागाच्या निळ्या रेषेवर तिघे उभे दिसले, की पक (ती रबरी चकती) त्यांच्या मागे कोपऱ्यात खोल टाकायचा आणि बेंचवर येऊन बसायचं. बस. त्यांचा डिफेन्समन, म्हणजे बचावपटू, तो पक आणायला मागे वळतो तोवर आपले ताजे पाच बर्फावर. आपली पोरं काय करतात? त्याच निळ्या रेषेवर नाजूक आडवा पास. तो अडतो. आपले तिघे पुढे अडकलेले, मागे दोघेच, आणि समोरून तिघे धावून येतात. शेवटच्या षटकात 2 धावा हव्यात आणि पठ्ठ्या रिव्हर्स स्वीप काढतो, तसं.

त्यात दुसरा पिरियड. बाजू बदलते पण बेंच जागचे हलत नाहीत, म्हणून बचावाच्या वेळी आपला गोल आपल्या बेंचपासून लांब पडतो. पक खोल न जाता गमावला तर बदली करता येत नाही. केलीच तर समोरचे फुकट मोकळे सुटतात. मग बर्फावरची 45 सेकंदांची पाळी (शिफ्ट) दीड मिनिटाची होते. पाय दगड होतात. मग कुणीतरी दमून पक सरळ पलीकडच्या टोकाला भिरकावतो, आयसिंग होतं, आणि नियमाने त्याच दमलेल्या पाचांना परत आपल्याच गोलसमोर फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होताना, उभं राहावं लागतं. पुढचा गोल आपल्या गोलकीपर लुक्कोनेनच्या नावावर लागतो. त्या बिचाऱ्याचा काय दोष?

याचंही मूळ अजून मागे आहे. आपल्या गोलमागून पक बाहेर काढणं, तिथेच घोडं पेंड खातं. डिफेन्समन मागे जाऊन पक उचलतो तेव्हा विंगरने (कडेच्या आक्रमकाने) बाजूच्या फळीला चिकटून गोलच्या जवळपास उभं राहायचं, आणि सेंटरने (मधल्या आक्रमकाने) खाली उतरून मधून वळसा घेत आधार द्यायचा. म्हणजे डिफेन्समनला दहा-पंधरा फुटांवर दोन सोपे पास दिसतात. आपले विंगर पक हाती यायच्या आधीच वर पळतात, गोल करायची घाई! मग उरतो एकच पास, साठ-सत्तर फुटांचा, दोघांच्या मधून. दहातले चार लागले की टाळ्या, सहा अडले की तोच पक पुन्हा आपल्या गोलसमोर. काल? काल विंगर खाली थांबले. तेवढंच. सात गोल! मला सांग, जे तेविसाव्या तारखेला जमतं ते तिसऱ्या तारखेला का जमू नये?

पॉवर प्लेबद्दल बोलायचंच नव्हतं, पण आता सुरूच झालोय तर ऐक. समोरचा एक जण शिक्षा म्हणून बाहेर बसला की दोन मिनिटं मिळतात. आपण पक आपल्याच अर्ध्यात आणतो, तिथून मागच्याला सोडतो, तो वेग घेऊन येतो, आणि बाकीचे तिघे निळ्या रेषेवर एसटीची वाट बघत असल्यासारखे उभे. समोरच्या चौघांनी रेषेवर भिंत घातली की पक गेला, परत आपल्या टोकाला. एका खेपेला वीस-पंचवीस सेकंद. अशा तीन खेपा झाल्या की निदान अर्धा वेळ प्रवासात गेला. आत बसलोच तर आपला गोल मारणारा थॉम्पसन डाव्या वर्तुळात, उजव्या हाताचा, डालिनच्या पासची वाट बघत. त्याच्या फटक्याची तोफ सगळ्या लीगला माहीत आहे, म्हणून एक जण फक्त त्या पासच्या वाटेत काठी घालून उभा राहतो. यावर उपाय त्या चौघांच्या मधे उभ्या आपल्या माणसाकडे आहे: पक आधी त्याला द्या, त्याने झटकन मारला किंवा परत केला की वाट अडवणारा आत सरकतो, आणि मग थॉम्पसन मोकळा. आपण मधल्याला ठेवलंय कशाला, तर शोभेला.

थॉम्पसन म्हटलं की तू हसणार, माहीत आहे. 1 जुलै 2018, ओ'रायलीला सेंट लुईसला देऊन थॉम्पसन आणला तेव्हा मी तुझ्याशी तीन आठवडे बोललो नव्हतो. तू म्हणालास, त्या उंच पोरावर नजर ठेव. 2019 ला ओ'रायली स्टॅन्ली कप घेऊन, वर प्लेऑफच्या सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ घेऊन बसला आणि मी तुला रोज एक फोटो पाठवायचो. मग 2022-23 ला त्या उंच पोराने 47 गोल केले आणि तू एकच फोटो पाठवलास. ठीक आहे, तू जिंकलास. अर्धा. कारण आपल्या तेव्हाच्या कप्तानाच्या, आयकेलच्या बाबतीत मी बरोबर होतो आणि ते तू अजून कबूल केलेलं नाहीस. त्याच्या मानेतली चकती सरकली, त्याला कृत्रिम चकती बसवून हवी होती, क्लबच्या डॉक्टरांना मणके जोडायचे होते, आणि करारात शेवटचा शब्द क्लबच्या डॉक्टरांचा. तू म्हणालास, नियम म्हणजे नियम. नोव्हेंबर 2021 ला वेगासने त्याला घेतला, हवी ती शस्त्रक्रिया करू दिली, 2023 ला कप. आपला राइनहार्ट फ्लोरिडाला गेला, यंदाच्या जूनमध्ये कपच्या फायनलच्या सातव्या सामन्यातला निर्णायक गोल त्याचा. गोलकीपर उल्मार्क बॉस्टनला गेला, सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना मिळवली. आपल्या घरची सून माहेरी जाऊन हसू लागते, तसं चाललंय. (हे वाक्य बायकोने वाचलं. तुला निरोप आहे की याचा अर्थ पश्याला विचार.)

आणि वर आमचे जनरल मॅनेजर! 6 डिसेंबरला पत्रकारांपुढे सांगतात, खेळाडू इथे यायला तयार नसतात, कारण आपल्याकडे माड नाहीत आणि न्यूयॉर्क राज्यात कर आहेत. त्यानंतर लोक मॅचला फुगवलेले माड घेऊन आले. तुझ्या गुहागरच्या अंगणात अकरा आहेत ना? चार रोपं बोटीने पाठव, एवढ्यावरच अडलंय. हवेचं कारण खरं मानलं तर त्या गोठलेल्या विनिपेगने खेळायचंच सोडून द्यायला हवं. खरं कारण त्यांनाही माहीत आहे: तेरा वर्षं प्लेऑफ नाही, म्हणून चांगला खेळाडू येत नाही, आणि तो येत नाही म्हणून प्लेऑफ नाही. एका संघाच्या एकूण पगाराची यंदाची मर्यादा 8 कोटी 80 लाख डॉलर, ती पूर्ण वापरलेलीही नाही. स्किनरला 8 वर्षांचे 7 कोटी 20 लाख कबूल केले, मग जूनमध्ये करार मोडला, आणि आता सहा वर्षं त्याचा वाटा आपल्याच हिशेबात राहणार. पोरगा एडमंटनला गेलाय.

17 तारखेच्या मॅचआधी मालक स्वतः माँट्रियलला जाऊन संघाशी बोलले. बोलले काय कोण जाणे, मॅच 6-1 ने हरले.

कोच रफला मी शिव्या देत नाही. 2011 ला बेंचमागे हाच होता, फ्लायर्सविरुद्धच्या प्लेऑफच्या सातव्या सामन्यात. तेव्हापासूनचा उपास आहे हा. आणि पश्या, तू मे 2011 ला विमानात बसलास. मी काही म्हणत नाही. फक्त दोन तारखा शेजारी ठेवतोय. पनवती हा शब्द मी उच्चारलेला नाही.

तुझ्या वेळचं एचएसबीसी अरीना आता कीबँक सेंटर आहे. मेट्रो तिथपर्यंत जाते, डाउनटाउनमध्ये अजून फुकट. वरच्या तीनशेच्या रांगा त्याच, फक्त रिकाम्या. आपल्या कॉमेंटेटर जेनरेटचा आवाज नाही; 2022 ला त्याने माइक ठेवला, पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये गेला. आपण त्याची 1993 ची "मे डे" ओरडण्याची कॅसेट वाजवून शेजारच्या तेलुगू पोरांची झोप मोडायचो. आता हरताना निदान ऐकायला तरी बरं असायला हवं होतं.

बाकी तुझं कसं? आईंचं मोतीबिंदूचं दुसऱ्या डोळ्याचं झालं का? नव्या नोकरीचं कळलं, अभिनंदन, पण चिपळूणला रोज गाडीने जाणं झेपतंय का? मनूची दहावी यंदा ना? तिला माझ्याकडून पेन घे, पैसे पाठवतो. वहिनींना नमस्कार. आंब्याच्या पेट्यांचं मागच्यासारखं करू नकोस, पत्ता नीट लिही.

संघाचा विषय आता बंद. एकच राहिलं. 27 ला शिकागो इथे येतंय, तुझी 28 ची पहाट. लावू नकोस. म्हणजे लाव, पण दुसरा पिरियड सुरू झाला की बंद कर.

तुझा,
विन्या