विज्ञानाच्या बातमीला जिल्हा पुरवणीत जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दर सोमवारी पहिल्या तासाची पाच मिनिटे मी विज्ञानातल्या एखाद्या ताज्या बातमीसाठी ठेवते. कात्रण फळ्याशेजारी लावते आणि मुलांना बोलते करते.

सिकल सेल हा तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक रक्ताचा आजार शिकवताना 'हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन' हे वाक्य मुले पाठ करतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने या आजारावरील क्रिस्पर या जनुके कापण्याच्या तंत्राच्या उपचाराला जगात सर्वप्रथम मान्यता दिली. ते कात्रण वाचून मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, म्हणजे ती चूक दुरुस्त केली?" नाही, चूक तशीच राहते! गर्भातल्या बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते. जन्मानंतर ते बनणे थांबते, त्यात बीसीएल११ए या जनुकाचा मोठा हात असतो. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी काढून त्यांत या जनुकाला चालना देणारी जागा कापतात. मग गर्भातले हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागते आणि तांबड्या पेशींचे विळ्यासारखे वाकणे कमी होते. त्या दिवशी पाच मिनिटांचा अख्खा तास झाला. अमेरिकेत या उपचाराची किंमत २२ लाख डॉलर आहे, हे कळल्यावर मुले गप्प झाली. नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार आहे, हे त्यांना ठाऊक होते.

आपल्या कास पठाराचेही तसेच. 'सीतेची आसवे' या फुलांचे फोटो सगळे काढतात, पण ती इवलीशी वनस्पती फुग्यांसारख्या सापळ्यांत सूक्ष्म जीव ओढून खाते, हे वर्गात दोघा-तिघांनाच माहीत होते. तिच्याच प्रजातीतल्या एका जातीचा जीनोम, म्हणजे तिचा सगळा आनुवंशिक मजकूर, २०१३ मध्ये वाचला गेला. त्यात सुमारे ८ कोटी २० लाख अक्षरे आहेत. माणसाच्या जीनोममध्ये ३०० कोटी, तरी जनुके तिच्यात जास्त! यावर मुले आठवडाभर वाद घालत होती.

आपल्या अंकात अशा बातम्या येतात, पण देश-विदेशच्या पानावर तळाशी, चार ओळींत. संशोधन कोणत्या नियतकालिकात आले, प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, याचा बहुतेक वेळा पत्ताच नसतो. उंदरांवरचे औषध 'कर्करोगावर रामबाण' म्हणून घराघरांत पोचते आणि दुसऱ्या दिवशी मुले तेच मला सांगतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना मूळ इंग्रजी लेख गाठणे जड जाते. त्यांच्यासाठी वर्तमानपत्र हाच जवळचा आधार आहे.

आठवड्यातून एकदा जिल्हा पुरवणीत अर्धा रकाना द्यावा, ही कळकळीची विनंती. माझ्या वर्गातली मुले लिहायला तयार आहेत. मूळ संशोधनाशी ताडून, मजकूर तपासून दर गुरुवारी आपल्याकडे पोचवण्याची जबाबदारी माझी.

आपली,
एक जीवशास्त्र शिक्षिका, सातारा