पार्सलमधून फिरणाऱ्या पेंटॅक्ससाठी, आणि डब्यातल्या त्या पानासाठी

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही दुरुस्त करून दिलेला पेंटॅक्स के-१००० हा रोलचा कॅमेरा सध्या रत्नागिरीत आहे. त्याआधी तो कोल्हापूर, नागपूर आणि मडगाव करून आला. कॅमेरा एक, माणसं सात. प्रत्येकाकडे तो तीन आठवडे राहतो, त्यात एक रोल होतो आणि डबा बांधून पुढच्याच्या पत्त्यावर जातो. दुरुस्तीचं बिल आम्ही भरलं. पण कॅमेऱ्याखाली घडी करून ठेवलेलं वहीचं पाठपोट लिहिलेलं पान तुम्ही न मागता दिलंत, आणि सात अनोळखी हातांतून फिरूनही हा कॅमेरा धड राहिला तो त्या पानामुळे. ते आता डब्याबरोबरच फिरतं. कडेला अल्कोहोलचे डाग पडलेत, घडीवर चिकटपट्टी लागली आहे. असा सामाईक कॅमेरा फिरवणारे इतरही आहेत, त्यांनाही उपयोग व्हावा म्हणून हे पत्र उघडं लिहितो आहोत.

पेंटॅक्स बनवणाऱ्या असाही कंपनीने हे मॉडेल १९७६ साली काढलं आणि १९९७ पर्यंत ते बनत होतं. तीस लाखांहून जास्त नग निघाले, त्यामुळे बॉडी अजून सापडते, पण कंपनीचे सुटे भाग आता मिळत नाहीत. एक जगवायची तर दुसरी मेलेली शोधावी लागते. रिवाइंडची मूठ आणि बॅटरीच्या खणातली पट्टी तुम्ही अशाच एका बॉडीतून काढून बसवलीत आणि बिलावर ‘जुना भाग’ असं स्वच्छ लिहून दिलंत. त्या दोन शब्दांचे वेगळे आभार.

पानावर सगळ्यात वर तुम्ही लाल पेनाने लिहिलं आहे: ‘आधी आयएसओ बघा.’ आयएसओ म्हणजे रोल उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. सामाईक कॅमेऱ्यात सर्वांत जास्त रोल वाया जातात ते इथेच. शटरच्या चकतीची बाहेरची कडी वर उचलून फिरवली की आकडा बदलतो. आधीच्याने ४००चा रोल वापरलेला असतो, पुढचा २००चा घालतो, कडीकडे कोणी पाहत नाही आणि सगळा रोल एक स्टॉप कमी, म्हणजे निम्म्या उजेडाचा निघतो. उजेड मोजणाऱ्या मीटरची सुई तर मधोमधच दिसत असते, म्हणून शंकाही येत नाही. आता रोल काढला की कडी मुद्दाम सर्वांत खालच्या आकड्यावर नेऊन ठेवायची, हा तुमचा उपाय आम्ही पाळतो. पुढच्याने कडी विसरली तर सुई इतकी वेडीवाकडी दाखवते की चूक पहिल्याच फ्रेमला कळते.

आता लाइट सीलबद्दल, म्हणजे बाहेरचा उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्यांबद्दल, कारण तुमची खरी मदत तिथे झाली. मागच्या झाकणाच्या खाचांतला काळा फोम पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत आणि उष्णतेत तो पाणी धरतो, तुटत जातो आणि शेवटी डांबरासारखा चिकट होतो. कोकणात आणि गोव्यात हे लवकर होतं. रंगीत रोलवर लाल-केशरी पट्टे दिसायला लागले की आपण लेन्सला दोष देतो. तुम्ही आम्हाला निगेटिव्ह हातात घेऊन छिद्रांकडे बघायला शिकवलंत. डाग फ्रेमबाहेर, कडेच्या छिद्रांपर्यंत पसरला असेल तर झाकण गळतंय. डाग फ्रेमच्या चौकटीतच थांबला असेल तर शटरचा पडदा किंवा आरशाचा कप्पा तपासायचा. रंगाचं कारणही तुम्ही सांगितलंत: रंगीत निगेटिव्हमध्ये लाल टिपणारा थर सर्वांत खाली, पारदर्शक पट्टीला लागून असतो. झाकणातून शिरलेला प्रकाश पाठीमागून येतो आणि आधी त्याच थराला लागतो, म्हणून डाग लालसर. पडद्याच्या भोकातून आलेला प्रकाश समोरून सगळ्या थरांवर पडतो, तो डाग पांढुरका. एवढं कळलं की कॅमेरा न उघडता निम्मं निदान होतं.

सील बदलण्याची तुमची पद्धत इथे जशीच्या तशी उतरवतो. आधी शटरच्या खिडकीवर कागद धरून त्याच्या कडा कमी चिकट असलेल्या टेपने बाहेरच्या धातूवर लावायच्या, पडद्याला टेप लागू द्यायची नाही. जुन्या फोमचा कण पडद्यावर गेला तर तो पुढे गिअरमध्ये जातो. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल इअरबडवर घेऊन फोम भिजवायचा, दोन मिनिटं थांबायचं आणि बांबूच्या काडीने खरवडायचं. पिन किंवा स्क्रूड्रायव्हर अजिबात नाही, खाचेतला काळा रंग निघाला तर तिथून प्रकाश परावर्तित होतो. खाच कोरडी आणि स्वच्छ दिसली तरी पांढऱ्या कापसाचा शेवटचा हात फिरवायचा, त्याला काळं लागलं तर अजून फोम आहे. वरच्या-खालच्या खाचांसाठी दीड मिलिमीटर जाडीची अरुंद पट्टी, बिजागरीकडे दोन मिलिमीटरची रुंद पट्टी. फोम नसला तर खाचांत काळी लोकर चालते, बिजागरीकडे चालत नाही. चिकट पट्टी अरुंद खाचेत सरळ बसत नाही, लागेल तिथे धरून बसते. तुमची युक्ती म्हणजे चिकट बाजूला पाण्याचा ओलसर हात लावायचा. ओली आहे तोवर पट्टी सरकते, टूथपिकने ढकलत कोपऱ्यापर्यंत नेता येते, सुकली की घट्ट बसते. जाड पट्टी लावू नये, हे तुम्ही दोनदा लिहिलं आहे. झाकण जोर लावून बंद करावं लागलं तर त्याच्या खिट्टीवर ताण येतो आणि कधीतरी ते प्रवासात उघडतं.

आरसा वर आपटतो तिथला डॅम्परचा, म्हणजे धक्का झेलणारा, फोमही त्याच वयाचा. तो चिकट झाला की आरसा क्षणभर वरच अडकतो किंवा काळे कण फोकसिंग स्क्रीनवर पडतात. ते कण फोटोत येत नाहीत, फक्त डोळ्याला दिसतात, म्हणून स्क्रीन पुसायच्या फंदात पडायचं नाही. स्क्रीनवरचा ओरखडा कायमचा.

शटरचा भाग तुमच्या हातचा, आमच्या नाही. तरी तुम्ही तपासणी शिकवलीत. अंधाऱ्या खोलीत लेन्स आणि रोल काढून झाकण उघडायचं, आरशाची कड लाकडी काडीने अलगद उचलायची आणि समोरून टॉर्च मारायचा. मागून पडद्यावर चांदणीसारखा ठिपका दिसला की भोक आहे. शटर चढवून एकदा आणि न चढवता एकदा पाहायचं, कारण दोन्ही वेळी समोर वेगवेगळा पडदा असतो. शटरच्या गतीसाठी फोनचा सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो: १/३० सेकंदाला खिडकी साधारण ८ फ्रेम उघडी दिसली पाहिजे, १/६० ला ४. त्यापुढच्या गतींसाठी हा उपाय खात्रीचा नाही, तिथे पांढऱ्या भिंतीचा फोटो घ्यायचा. १/१००० वर आमच्या फ्रेमची एक उभी कड काळी येत होती. पहिला पडदा जुन्या घट्ट ग्रीसमुळे रेंगाळायचा, दुसरा त्याला गाठायचा आणि मधली फट शेवटाला पोचण्याआधीच मिटायची. तुम्ही स्प्रिंगचा ताण वाढवून वेळ मारून नेली नाहीत. आधी जुनं ग्रीस धुतलंत, नवं अगदी नावापुरतं दिलंत आणि मग ताण फक्त जुळवलात. ताण वाढवणं दहा मिनिटांचं काम होतं, पण मग कापडाचे पडदे आणि त्यांच्या फिती लवकर गेल्या असत्या. आम्हाला हा फरक कळणारही नव्हता, तरी तुम्ही लांबचं काम केलंत.

बॅटरीचं थोडक्यात. एलआर४४ एकच लागते आणि तीही फक्त मीटरला, शटर पूर्ण यांत्रिक आहे. या मॉडेलला मीटरचं बटणच नाही, उजेड पडला की मीटर चालू. म्हणून लेन्सवर टोपी. पार्सलआधी बॅटरी काढून वेगळ्या पुडीत ठेवायची, कारण गळली तर खणाखालची तार हिरवी पडते आणि मग वरून कितीही घासलं तरी सुई हलत नाही, सोल्डर करून तार बदलावी लागते. मीटर गेलाच तर उन्हात एफ/१६ ला (हे लेन्सच्या छिद्राचं माप, आकडा मोठा तितकं छिद्र लहान) आयएसओच्या जवळची शटरची गती, म्हणजे २००च्या रोलला १/२५०. पावसाळी ढगांत एफ/५.६ किंवा एफ/४ पर्यंत उघडायचं.

रोल भरताना आणि काढताना तुम्ही सांगितलेल्या दोन खुणांनी किती रोल वाचले असतील! भरताना फिल्म ताणून घेतली की प्रत्येक वाइंडला डावीकडची रिवाइंडची मूठ फिरते का, ते पाहायचं. ती स्थिर असेल तर फ्रेमचा काटा पुढे जातोय पण फिल्म जागेवरच आहे. काढताना तळाचं बटण दाबून रिवाइंड करायचं आणि मूठ एकदम हलकी झाली तरी दोन फेरे जास्त द्यायचे, म्हणजे टोक डबीत पूर्ण आत जातं. टोक बाहेर राहिलं तर तीच डबी पुन्हा कोणीतरी भरतं आणि दोघांचेही फोटो एकमेकांवर चढतात. बटण न दाबता जोर केला तर फिल्म फाटते. तेव्हा झाकण उघडायचं नाही. रात्री दिवे घालवून, दोन गोधड्यांखाली हात घालून फिल्म काढायची आणि काळ्या डबीत ठेवायची.

पार्सलच्या बाबतीत तुमचा एकच नियम आम्ही कधीच मोडत नाही: कॅमेऱ्यात रोल ठेवून पाठवायचा नाही. विमानाने जाणाऱ्या पार्सलची एक्स-रे तपासणी होऊ शकते, परिणाम दर फेरीला साठत जातो आणि जास्त आयएसओच्या रोलवर आधी दिसतो. सावल्या करड्या पडतात, दाणे वाढतात. नव्या सीटी स्कॅनरच्या एका फेरीतही रोल खराब होऊ शकतो. म्हणून ज्याचा रोल त्याच्याकडेच राहतो. शटर उतरवलेलं, फोकस अनंतावर, लेन्स काढून दोन्ही टोप्या, बॉडीला बॉडी कॅप. रबरी कडेच्या घट्ट डब्यात कॅमेरा, तो डबा मोठ्या खोक्यात, चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर बबल रॅप. वर्तमानपत्राचे बोळे दबून सपाट होतात आणि थर्मोकोलचे दाणे कुठेही शिरतात, ही दोन्ही वाक्यं तुमचीच.

पावसाळ्यात डब्यात ५० ग्रॅम सिलिका जेल कापडी पिशवीत असतं, सुटं नाही, त्याची भुकटी लेन्सच्या आट्यांत जाते. केशरी दाणे हिरवे झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास. निळे दाणे आम्ही घेत नाही, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, स्वयंपाकाच्या भांड्याजवळ ते नको. लेन्स आल्यावर टॉर्च तिरका धरून आतून पाहतो. कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसले तर लेन्स त्याच दिवशी वेगळ्या पिशवीत जाते. नागपूरच्या मे महिन्यानंतर मात्र पाहायचं ते दुसरं: एफ/१६ लावून मागची लिव्हर बोटाने सरकवायची आणि सोडायची. छिद्राची पाती झटकन मिटली पाहिजेत. सावकाश मिटली तर पातळ झालेलं ग्रीस पात्यांवर आलंय आणि प्रत्येक फोटो जास्त उजळ येणार.

पानाच्या शेवटी तुम्ही काय उघडू नये त्याची नोंद केली आहे: वरचं झाकण, तळातले गिअर, लेन्सचा पुढचा गट. त्याखाली ‘फोन करा’ एवढंच. आम्ही केले, आणि तुम्ही प्रत्येक वेळी आधी निगेटिव्हचा फोटो मागितलात, मगच बोललात. आवाजावरूनही तुम्ही ओळखता, एका सेकंदाच्या शटरची घरघर मधेच अडखळली तेव्हा फोन कॅमेऱ्याजवळ धरायला लावलात आणि मंदगतीच्या गिअरमध्ये कचरा आहे म्हणालात. तसंच निघालं.

तुमच्या पानाखाली आता आमचं नोंदीचं कार्ड जोडलं आहे: रोलचा क्रमांक, फिल्म, आयएसओ, काय खटकलं आणि कितव्या फ्रेमपासून. या पत्राबरोबर पांढऱ्या भिंतीचे पाच प्रिंट पाठवतो आहोत, १/६० ते १/१०००, मागे पेन्सिलने गती लिहिलेली. १/१००० च्या प्रिंटची उजवी कड आम्हाला किंचित गडद वाटते. तुमच्या डोळ्यांनी एकदा बघून सांगा, तोवर आम्ही १/५०० च्या वर जात नाही.

आपले,
एका पेंटॅक्सचे सात सोबती