बाबा, मिस्साआधी खाऊन जा

प्रिय आई-बाबा,

सप्रेम नमस्कार.

मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, उपाशीपोटी जाण्याचा विषय फोनवर निघाला की बाबांचा आवाज चढतो आणि आई गप्प होते, म्हणून लिहिते आहे. सावकाश वाचा. पटलं नाही तर फादरांना दाखवा.

बाबा, रविवारी कम्युनियनच्या, म्हणजे मिस्सात पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत तुम्हाला घेरी आली हे मला शेजारच्या काकींकडून कळलं. सहा वाजता मधुमेहाची गोळी घेतलीत, पण कम्युनियन घ्यायचं म्हणून पोटात काहीच नाही. मग साखर उतरणारच. मागच्या माणसाने दंड धरला नसता तर डोकं बाकावर आपटलं असतं. आणि घरी येऊन तुम्ही म्हणालात, "नियम तो नियम."

बाबा, मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नाही, हा तुमच्या लहानपणचा नियम. पोप बाराव्या पायसनी 1953 साली त्यात पाण्याची मुभा दिली, 1957 साली न जेवण्याची अट कम्युनियनआधी तीन तासांवर आणली. 1964 साली पोप सहाव्या पॉलनी ती एका तासावर आणली. चर्चच्या आजच्या कायद्यात, म्हणजे धर्मसंहितेत, कलम 919 मध्ये, पाणी आणि औषध कधीही चालतं. वृद्ध, आजारी आणि त्यांची काळजी घेणारे यांना तर त्या तासाभरात काही खाल्लं असलं तरी कम्युनियन घेता येतं. म्हणजे तुम्हालाही आणि आईलाही. राखेच्या बुधवारचा (उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाचा) आणि गुड फ्रायडेचा उपवाससुद्धा साठावं वर्ष लागलं की बंधनकारक राहत नाही. मांस वर्ज्य ठेवायचं, ते खुशाल ठेवा.

चर्चने तुम्हाला केव्हाच मोकळं केलंय, तुम्हीच स्वतःला बांधून घेताय. सवलत घेतली तर श्रद्धा पातळ होईल असं तुम्हाला वाटतं का? शिष्य भुकेले होते, शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या, दिवशी त्यांनी कणसं मोडली, तेव्हा येशूने त्यांचीच बाजू घेतली. दाविदाने भुकेपोटी, फक्त याजकांनी खायची समर्पित भाकरी खाल्ल्याची आठवण त्यानेच परुश्यांना, नियमांवर बोट ठेवणाऱ्या त्या धर्मनिष्ठांना, करून दिली. नियम मोडीत काढा असंही तो म्हणाला नाही. पुदिना, शेप, जिरं यांचा दहावा हिस्सा देवाला जरूर द्या, पण न्याय आणि दया सोडू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि दयेचंच मला जास्त लागलंय. वहिनी तान्ह्या बाळापायी मिस्साला आली नाही, तर तुम्ही दिवसभर तिच्याशी बोलला नाहीत. तान्ह्या मुलाची देखभाल हे रविवार चुकण्याचं रास्त कारण आहे, असं चर्चची धर्मशिकवणच सांगते. तिने कुठलाही नियम मोडलेला नाही, बाबा. आई, तुम्हा दोघांच्या आजारपणात चुकलेले रविवार तू अजून पाप म्हणून मनात धरून बसतेस, तेही सोड.

माझा नियमांवर राग नाही. रोज संध्याकाळी जेवणाआधी रोझरीची जपमाळ, कितीही पाहुणे असले तरी. तेव्हा मी कंटाळायचे. आज या परक्या शहरात दमून आल्यावरही मी प्रार्थनेला बसते, ती तुमच्या त्या शिस्तीमुळेच.

येत्या रविवारी गोळीबरोबर भाकरी आणि दूध घ्या, मगच निघा. आई, तूही चहा घेऊन जा. पाय फारच दुखत असतील तर फादरांना सांगा, कम्युनियन घरी आणून देतात. आणि बाबा, वहिनीशी तुम्ही स्वतः बोला, आईकरवी निरोप नको.

तुमची लेक