जाळाला हात न लावता

टिळकवाडी, बेळगाव

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीत निपाणीला भेटलो तेव्हा तू विचारलेस, "पस्तीस वर्षे जाळाकडे बघत बसलास, म्हणजे नेमके केलेस तरी काय?" सगळ्यांबरोबर मीही हसलो, पण त्या प्रश्नाने पाठ सोडली नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

तुमच्या गुऱ्हाळावरचा तो म्हातारा गुळव्या आठव. पाकाचा थेंब गार पाण्यात सोडून तो बोटांनी त्याची गोळी वळून बघायचा आणि मगच काहील उतरवायला सांगायचा. गुळाचा पाक 118 अंश सेल्सिअसच्या आसपास तयार होतो, हे मी पुढे वाचले. त्याला ते बोटांनी कळत असे. त्याच काहिलीखालच्या चुलवाणातला जाळ किती तापला आहे, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हते आणि कोणी विचारतही नव्हते. माझी नोकरी त्या प्रश्नात गेली.

जाळात तापमान मोजणारी धातूची तार घालता येते, पण ती स्वतःच उष्णता बाहेर फेकते, त्यामुळे खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवते. शिवाय तिच्याभोवती जाळाचा प्रवाहच बदलतो. म्हणून हात न लावता, केवळ प्रकाशाने विचारायचे. 1928 मध्ये रामन यांनी दाखवले की रेणूवरून विखुरलेल्या प्रकाशात त्या रेणूच्या कंपनाची खूण उमटते. ही खूण फार क्षीण असते आणि ज्वालेच्या स्वतःच्या उजेडात सहज बुडते. 1965 मध्ये मेकर आणि टेरह्यून यांनी लेसरच्या साहाय्याने तिचे एक जोरकस रूप पाहिले, आणि 1970 च्या दशकात फ्रान्समध्ये तारां यांनी ते ज्वालांवर वापरले. त्याच्या लांबलचक इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही त्याला 'कार्स' म्हणत असू.

त्याची रीत अशी. 532 नॅनोमीटर तरंगलांबीचे दोन हिरवे किरण आणि 607 च्या आसपासचा एक लाल किरण ज्वालेत एकाच बिंदूवर आणायचे. तिघे नेमके जुळले, तर तिथल्या नायट्रोजनच्या रेणूंमुळे 473 च्या आसपास चौथा, निळा किरण बाहेर पडतो. नायट्रोजन हा आमचा साक्षीदार, कारण हवेत तो 78 टक्के असतो आणि जळण्याच्या भानगडीत फारसा पडत नाही. थंड हवेत त्या निळ्या किरणाच्या वर्णपटात एकच टोकदार शिखर दिसते. ज्वाला 2000 केल्विनकडे गेली की शेजारी दुसरे उंचावते. दोन्हींचा आकार हिशेबाने काढलेल्या आकाराशी जुळवून तापमान काढायचे. लेसरचा एक ठोका सुमारे 10 नॅनोसेकंदांचा असतो, त्यामुळे सर्वांत चंचल ज्वालाही तेवढ्यापुरती गोठल्यासारखी सापडते. पहिल्यांदा तो निळा ठिपका पांढऱ्या कागदावर पडला तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि दाखवायला जवळ कोणी नव्हते.

बाकी दिवस आरसे केसभर इकडे-तिकडे सरकवण्यात गेले, त्याबद्दल काही लिहीत नाही. एक फजिती मात्र लिहितो. पिवळ्या, काजळी धरणाऱ्या ज्वालेत आमच्या निळ्या वर्णपटाला खड्डे पडू लागले आणि तापमानाचे आकडे भरकटले. कित्येक महिने मी आरशांनाच दोष देत होतो. आमचा मदतनीस गोकाककडचा, कन्नड बोलणारा, तो एके दिवशी म्हणाला, "सर, बेंकी (म्हणजे आग) पिवळी झाली की हे होतं, निळी असली की होत नाही." मी इंधन कमी करून ज्वाला निळी केली आणि खड्डे गेले. काजळी धरणाऱ्या ज्वालेत कार्बनच्या दोन अणूंचा रेणू तयार होतो आणि तो नेमका 473 च्या जवळचा प्रकाश शोषतो. हे आधीच छापून आलेले होते, मीच वाचले नव्हते. पुढे लेसरचे रंग असे बदलले की खूण त्या जागेपासून दूर पडावी.

गंमत बघ, आपण चुलीचा तो जाळ म्हणतो आणि दिव्याची ती ज्योत, एक खवळलेला, दुसरी संथ, आणि तो फरक विज्ञानातही खरा आहे; पण मी शोधनिबंध लिहायला लागलो तेव्हा इंग्रजीत दोन्हींसाठी एकाच शब्दावर भागवावे लागले.

आता तुझ्या चुलवाणाविषयी. धूर काळा येत असेल तर जाळाला हवा कमी पडते आहे. पांढरट आणि दाट येत असेल तर चिपाडे ओली आहेत. चरकातून नुकत्याच निघालेल्या चिपाडात जवळजवळ निम्मे पाणी असते, ते उडवण्यातच तुझी आच खर्ची पडते. चिपाडे दोन-चार दिवस उन्हात पसरून मगच घाल आणि राखेने बुजलेली हवेची वाट आधी मोकळी कर. हंगाम सुरू झाला की मी हातातला छोटा वर्णपटदर्शक घेऊन येतो. चुलवाणाच्या तोंडाशी 589 नॅनोमीटरची सोडियमची पिवळी रेघ तुला स्वतःच्या डोळ्यांनी दाखवीन. वहिनींना नमस्कार सांग, आणि काहिलीच्या कडेचा गरम गूळ माझ्यासाठी काढून ठेव.

तुझा,
जुना बाकमित्र