विमानात बसलेल्या परिचारिका मोजू नका
खुले पत्र

प्रति,
मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्याने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. पहिल्या टप्प्यात दहा हजार जणांना पाठवायचं ठरलं आणि त्या यादीत परिचारिका होत्या. मी त्या करारातून आलेली नाही, त्याआधीच एका एजंटामार्फत आले. पण आले त्याच राज्यात. स्टुटगार्टजवळच्या एका गावातल्या रुग्णालयात वृद्धांच्या वॉर्डात काम करते. आपल्या गावाकडच्या मुली ‘ताई, यायचं का?’ म्हणून मेसेज करतात तेव्हा जे सांगते, तेच आज तुम्हाला सांगते आहे.

परदेशी किती परिचारिका पाठवल्या, हा आकडा कृपया आम्हाला ऐकवू नका. गेलेल्यांपैकी किती जणींना तिथे परिचारिका म्हणून मान्यता मिळाली, आणि ती मिळायला किती महिने लागले, ते सांगा.

इथे व्हिसा मिळाला म्हणजे नर्स झालात असं नसतं. आपलं शिक्षण इथल्या शिक्षणाच्या बरोबरीचं आहे की नाही, हे राज्याचं कार्यालय तपासतं. ते गुण विचारत नाहीत, तास विचारतात. इथलं नर्सिंगचं शिक्षण तीन वर्षांचं: २,१०० तास वर्गात आणि २,५०० तास प्रत्यक्ष रुग्णांजवळ. त्या मापाने तुमचा एकेक विषय मोजला जातो. बालरुग्ण किती तास, मनोरुग्ण किती, वृद्धसेवा किती, वर्गात किती आणि वॉर्डात किती. जे कमी पडेल त्याचं सविस्तर पत्र येतं. मग एक तर काही महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करायचा, नाही तर परीक्षा द्यायची. सोबत जर्मनची बी-टू पातळी, म्हणजे कामकाजापुरती चांगली बोलता-लिहिता येण्याची परीक्षा, हवीच. हे सगळं पार पडेपर्यंत तुम्ही मदतनीस.

माझ्या कॉलेजकडे विषयवार तासांचं पत्र मागितलं तेव्हा क्लार्कने माझ्या भावाला सांगितलं, ‘असलं आजवर कुणी मागितलं नाही.’ प्राचार्य बदललेले, जुनी रजिस्टरं कुठल्या कपाटात ते कुणालाच ठाऊक नाही. बऱ्याच हेलपाट्यांनंतर लेटरहेडवर चार ओळी मिळाल्या: सदर विद्यार्थिनीने अभ्यासक्रम समाधानकारकरीत्या पूर्ण केला असून तिची वर्तणूक चांगली आहे. वर्तणुकीचं इथे कुणाला काही पडलेलं नव्हतं. मनोरुग्णसेवेची पोस्टिंग मी येरवड्याच्या मनोरुग्णालयात केली होती. तिथल्या बायकांचे चेहरे अजून आठवतात. कागदावर ती नव्हती, म्हणून इथे ती झालीच नाही असं धरलं गेलं. तासांची तुलना न करता थेट परीक्षेला किंवा अभ्यासक्रमाला बसायची सवलत आता कायद्यात आहे, हे खरं. पण त्या वाटेने गेलं की आधी शिकलेलं काहीच जमेस धरत नाहीत.

मदतनीस म्हणजे काय, तेही सांगते. जिल्हा रुग्णालयात मी कंत्राटी अधिपरिचारिका होते. अकरा महिन्यांची ऑर्डर, पुन्हा एक दिवसाचा खंड, पुन्हा ऑर्डर. नाइटला अख्खा वॉर्ड माझ्याकडे असायचा, जमिनीवर गाद्या टाकलेले पेशंट धरून. सलाईन लावणं, रक्त घेणं, कॅथेटर, सगळं सरावाचं. इथे आल्यावर औषधांच्या ट्रॉलीला हात लावायची मुभा नव्हती. विशीतली शिकाऊ मुलगी गोळ्या वाटायची आणि मी तिच्यामागून पाण्याचे ग्लास ठेवत जायची.

आंघोळ घालण्याबद्दल मात्र माझी तक्रार नाही. आपल्याकडे ते काम मावशी आणि नातेवाईक करतात, त्यामुळे नव्या मुलींना ते अपमानाचं वाटतं. काही जणी रडतात. इथे ते नर्सचंच काम आहे आणि त्यामागे विचार आहे. अंग पुसतानाच माकडहाडावरची त्वचा दिसते, टाचेवरचा लाल डाग दाबून पाहता येतो, रात्रीत श्वास किती वाढलाय ते कळतं. मी हे इथे शिकले आणि आपल्या नर्सिंग कॉलेजांनीही ते शिकवावं असं माझं मत आहे. आपल्याकडे नर्सकडे इतके पेशंट असतात की अंगाला हात लावायला तिला उसंतच नसते, तो भाग वेगळा.

तक्रार पैशाची आणि वेळेची आहे. वृद्धसेवेच्या क्षेत्रात १ जुलै २०२५ ला इथलं किमान वेतन अप्रशिक्षित मदतनिसाला ताशी १६.१० युरो आणि मान्यताप्राप्त नर्सला २०.५० युरो झालं. आठवड्याला ३९ तास धरले तर महिन्याकाठी सातशेहून जास्त युरोंचा फरक पडतो, कर कापण्याआधी. मान्यता जितके महिने लांबते तितके महिने हा फरक बुडतो. एजंटासाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता मात्र पहिल्या महिन्यापासून सुरू असतो.

घरचीही ओढाताण त्याच कागदाला बांधलेली. कुटुंब आणायचं तर पुरेसा पगार आणि पुरेसं घर दाखवावं लागतं. मदतनिसाच्या पगारात, होस्टेलच्या खोलीत राहून, ते दाखवता येत नाही. माझी मुलगी आजीकडे होती. दुपारची पाळी संपवून मी रात्री नऊला बाहेर पडायचे तेव्हा हिवाळ्यात तिकडे दीड वाजलेला असायचा. सकाळची पाळी असली की सहाला कामावर; दुपारी सुटेपर्यंत तिकडे संध्याकाळचे साडेसहा-सात, म्हणजे तिची शिकवणीची वेळ. ती फोनवर ‘हो, जेवले’ एवढंच म्हणायची.

भाषेबद्दल थोडंसंच. बी-टूची परीक्षा पास झालेली मुलगी वॉर्डात पहिल्याच सकाळी गांगरते, कारण म्हातारे पेशंट परीक्षेतली जर्मन बोलत नाहीत, श्वेबिश बोलतात. या बोलीत पाऊल म्हणताना माणूस खुब्यापासून खालचा अख्खा पाय म्हणत असतो. आजोबा पाऊल दुखतंय म्हणतात, नवी नर्स मोजे काढून पाऊल तपासते आणि दुखणं असतं खुब्यात. नातेवाइकांचा फोन घेणं तर त्याहून कठीण, तिथे समोरचा चेहराही नसतो. म्हणून जर्मनचे वर्ग सुरू केले एवढ्यावर थांबू नका. त्यात वॉर्डातली भाषा हवी: पाळी बदलताना द्यायचा रिपोर्ट, जखमेची नोंद, फोन. आणि कंत्राटी नर्सला अशा वर्गाला जाण्यासाठी रजा कोण देणार, हेही त्याच आदेशात लिहा.

आता एजंट. आखातासह ज्या १८ देशांत कामाला जाण्यासाठी एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे भारत सरकारची परवानगी, लागते, तिथे परिचारिकांची भरती फक्त सरकारी संस्थांमार्फत करायचा नियम २०१५ मध्ये आला. जर्मनी त्या यादीत नाही, त्यामुळे हे कुंपण आम्हाला नाही. नोंदणीकृत एजंटाने उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी घ्यायचा, असा नियम आहे. तो नियम मला मेसेज करणाऱ्या मुलींपैकी कुणालाच माहीत नसतो. प्रत्यक्षात मागितलेली रक्कम त्या सांगतात तेव्हा मला काही सुचत नाही. शिवाय करारात अट असते, की अमुक वर्षांच्या आत नोकरी सोडली तर भाषेचा, विमानाचा, कागदांचा खर्च परत करा. करार जर्मनमध्ये असतो आणि सही बहुतेक वेळा घाईत होते. केरळच्या मुलींच्या पाठीशी नोर्का, म्हणजे परदेशातल्या केरळी लोकांसाठीची तिथल्या सरकारची संस्था, असते. आपली मुलगी अडचणीत आली की फेसबुकवर मराठी मंडळ शोधते. मंडळाची माणसं चांगली आहेत, पण गणेशोत्सव करणाऱ्यांनी कामगार कायदा कुठवर सांभाळायचा?

जर्मनीचे नियम तुम्ही बदलू शकत नाही, हे मला कळतं. पण तासांचं पत्र तर मुंबई-नाशिकहूनच निघायचं आहे. जीएनएम या नर्सिंग पदविकेची परीक्षा राज्याचं मंडळ घेतं, बीएस्सी नर्सिंगची नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ. अभ्यासक्रम ठरलेला, तास ठरलेले. मग गुणपत्रिकेसोबतच प्रत्येक मुलीला विषयवार तासांचं प्रमाणपत्र का मिळू नये, परदेशी जायचं असो वा नसो? जुन्या विद्यार्थिनींसाठी एक ऑनलाइन अर्ज आणि उत्तर द्यायची मुदत ठेवा. कॉलेज बंद पडलं असेल तर मंडळाने सही करावी. यासाठी नवा करार लागत नाही, शिष्टमंडळाचा दौरा तर नाहीच नाही. करारांचं म्हणाल, तर सही करण्याआधी मुलीला तो मराठीत समजावून सांगणारं एखादं कार्यालय कौशल्य विभागाच्या मदतीने उभं करा.

‘तुम्ही गेलात, मग इथले वॉर्ड कोण बघणार?’ असं मला विचारलं जातं. रास्त प्रश्न आहे. पण तो अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर सही करणाऱ्यांना आधी विचारायला हवा. नियमित पद मिळालं असतं तर मी कदाचित निघालेही नसते.

इथल्या कार्यालयाने शेवटी ज्या स्वरूपातलं तासांचं पत्र स्वीकारलं, त्याचा कोरा नमुना या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवते आहे. दोन पानांचाच आहे. डावीकडे विषय, मग वर्गातले तास, मग वॉर्डातले तास आणि वॉर्डाचं नाव. शेवटी सही, शिक्का आणि तारीख. मंडळाच्या सचिवांनी तो एकदा पाहावा आणि यंदाच्या निकालापासून देता येईल का, ते कळवावं, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक परिचारिका,
बाडेन-वुर्टेम्बर्ग, जर्मनी