देवचाराशी कुस्ती की गाऱ्हाणे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत 'साउथ ऑफ मिडनाइट' या व्हिडिओ गेमचे परीक्षण वाचले. नाटक-सिनेमाकडे पाहावे तशा गांभीर्याने मराठी वृत्तपत्राने एखाद्या गेमकडे पाहिले, याचे समाधान आधी नोंदवते. कथा, चित्रण आणि संगीत अव्वल, लढाया मात्र एकसुरी, सबब गेम एकंदरीत बरा, असा निकाल परीक्षणात दिला आहे. एप्रिल 2025 मध्ये हा गेम आला तेव्हापासून बाहेरच्या समीक्षकांपैकी अनेकांनी हेच म्हटले आहे. हा निकाल चुकीचा नाही, पण तो अर्ध्या वाटेवर थांबतो. लढाया कंटाळवाण्या का होतात, याचे कारण बटणे दाबण्याच्या तंत्रात नसून लोककथेच्या समजुतीत आहे, असे मला वाटते, आणि त्यासाठीच हे पत्र.

मी मराठीची शिक्षिका, वयाने पन्नाशी ओलांडलेली. गेम माझ्या भाच्याचा. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही दोघांनी तो मिळून पूर्ण केला, आणि आमची वाटणी पहिल्याच दिवशी आपोआप ठरून गेली : चालणे, चढणे, ऐकणे आले की कंट्रोलर माझ्या हातात, आणि चहूबाजूंनी वाट बंद होऊन मारामारी सुरू झाली की तो त्याच्या हातात. आठवडाभरात ही वाटणी एकदाही मोडावी लागली नाही. पुढे माझ्या लक्षात आले की आमच्या सोयीची ही गोष्ट गेमच्या मात्र मुळावर आली आहे, कारण मी जी कथा ऐकत होते तिला भाच्याच्या लढायांनी काही फरक पडत नव्हता आणि त्याच्या लढायांना माझ्या कथेची गरज नव्हती.

ज्यांनी हा गेम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. तो कॅनडातील माँट्रियलच्या कंपल्शन गेम्स या स्टुडिओने केला आहे. कथा घडते अमेरिकेच्या दक्षिण भागात, दलदलीच्या काठावरच्या प्रॉस्पेरो नावाच्या काल्पनिक गावात. वादळात नदीला पूर येतो, हेझल नावाच्या मुलीचे घर तिच्या आईसकट वाहून जाते आणि हेझल तिच्या शोधात निघते. वाटेत तिला कळते की आपण विणकरणींच्या परंपरेतल्या आहोत, म्हणजे माणसांच्या आयुष्यातले तुटलेले, गुंतलेले धागे आपल्याला दिसतात आणि सांधता येतात. वाटाड्या म्हणून तिला आपल्या शिंगाळ्याच्या जातीचा एक अवाढव्य, बोलघेवडा मासा भेटतो. 22 जुलै 2021 चा वाशिष्ठीचा पूर ज्यांनी चिपळुणात अंगावर घेतला त्यांना या गेमची पहिली 20 मिनिटे परक्या देशातली वाटणार नाहीत. मला तरी ती सलग पाहवली नाहीत.

गेममधली अमानवी पात्रे तिथल्या खऱ्या दंतकथांतून घेतली आहेत. 'टू-टोड टॉम' ही अलाबामा आणि फ्लोरिडाच्या सीमेवर सांगितली जाणारी मगर. लोखंडी सापळ्यात अडकून तिच्या पायाची दोनच बोटे उरली, अशी तिची गोष्ट. 'हगिन मॉली' ही अलाबामातल्या ॲबव्हिल गावची. रात्री बाहेर भटकणाऱ्या पोरांना ती कवटाळते आणि त्यांच्या कानात किंचाळते. तिन्हीसांजेला मुले घरात यावीत म्हणून आपल्या आज्यांनी जी कामगिरी बागुलबुवावर आणि हडळीवर सोपवली होती, तीच ही. लुइझियानातला 'रूगारू' म्हणजे लांडग्याचे रूप घेणारा माणूस. त्याचे नावसुद्धा फ्रेंचांच्या बोलीतून आलेले. ही पात्रे गेमने जशीच्या तशी घेतलेली नाहीत, बरीच बदलली आहेत. पण लोककथा प्रत्येक सांगणाऱ्याच्या तोंडी बदलतच आली आहे, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही.

गेमने जी उत्तम गोष्ट केली ती अशी की या प्रत्येक अक्राळविक्राळ प्राण्यामागे त्याने एक दुखणे ठेवले आहे. कोणावर तरी अन्याय झाला, कोणीतरी तो लपवला, आणि जे बोलले गेले नाही ते जनावराचे रूप घेऊन रानात फिरू लागले. हेझल ती दुखरी आठवण शोधते, ऐकते आणि बाटलीत भरून झाडाला अडकवते. झाडाच्या फांद्यांना रंगीत बाटल्या लावून त्यात बाधा कोंडण्याची चाल तिथल्या कृष्णवर्णीय समाजात खरोखरच आहे. प्रसंग जसजसा उलगडतो तसतसे त्या प्राण्याचे गाणे एकेका वाद्याने, एकेका ओळीने भरत जाते आणि शेवटी पूर्ण आवाजात येते. संगीतकार ऑलिव्हिए देरिव्हिएर यांच्या या योजनेबद्दल आपल्या परीक्षणात दोनच वाक्ये आहेत. माझ्या मते ती गेमची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

पण या दुखऱ्या जागेपर्यंत पोचायचे कसे? तर प्रत्येक वेळी एका बंद रिंगणात उतरायचे, काळ्या सावल्यांसारख्या भुतांना झोडपायचे, त्यांचे धागे उसवून त्यांना नाहीसे करायचे, की वाट मोकळी. पुढच्या रिंगणात पुन्हा तेच. कथा सांगते की भूत म्हणजे न ऐकलेले गाऱ्हाणे, आणि कंट्रोलर सांगतो की भूत म्हणजे वाटेतला अडथळा. ही विसंगती तिसऱ्या-चौथ्या प्रकरणापर्यंत हाताला जाणवू लागते, आणि परीक्षणकर्ते ज्याला एकसुरीपणा म्हणतात तो मला तरी इथून आलेला दिसतो. शत्रूंचे आणखी चार प्रकार घातले असते किंवा हेझलला आणखी दोन हत्यारे दिली असती, तर भाच्याचा वेळ अधिक बरा गेला असता, पण ही फट बुजली नसती.

कोकणातल्या माणसाला हे चटकन जाणवते, कारण आपल्याकडे अमानवी शक्तीशी वागण्याची रीतच वेगळी आहे. देवचाराला कोणी मारायला जात नाही. तो गावाच्या शिवेवर राखण करतो, त्याचा मान त्याला द्यायचा असतो, आणि तो राहिला तर नारळ ठेवून, चारचौघांना साक्षी ठेवून गाऱ्हाणे घालायचे असते. गाऱ्हाणे घालणारा चुकले-माकले कबूल करतो, मागायचे ते मागतो, आणि भोवतालची माणसे प्रत्येक वाक्याला 'होय महाराजा' म्हणून त्यात सामील होतात. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा हा खरे तर वेताळ, भुतांचा राजा. पण गावाने त्याला राखणदार केले. तो रात्री गावभर फिरतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला चामड्याच्या मोठाल्या चपला आणि केळ्यांचे घड वाहतात. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट भागात पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात. तिला मांगे थापणी म्हणतात. टॉमशी जीव खाऊन झुंजणाऱ्या भाच्याला मी हे सांगितले तेव्हा त्याने गेम थांबवला आणि 'मग इथे पूजेचे बटण का नाही?' असे विचारले. त्याने थट्टेत विचारले होते. मला मात्र तो प्रश्न गंभीर वाटला.

यावर कोणी म्हणेल की ॲक्शन गेममध्ये मारामारी नको म्हणणे म्हणजे कीर्तनाला जाऊन अभंग नको म्हणण्यासारखे आहे. तसे माझे म्हणणे नाही. दशावतारात लढाई असतेच, आणि ती रंगतेही. पण तिथे तलवार उपसण्याआधी राजा आणि राक्षस एकमेकांशी पुष्कळ वेळ बोलतात. लिहून दिलेली संहिता नसताना दोघे समोरासमोर वाद घालतात, एकमेकांचे दोष काढतात, कुळ काढतात, आणि मग मृदंगाच्या ठेक्यावर जे युद्ध होते ते त्या वादाचाच पुढचा भाग असतो. युद्धाला उठताना कोणाचे काय पणाला लागले आहे ते मांडवातल्या पोरालाही ठाऊक असते. या गेममधल्या सावल्या बोलत नाहीत, त्यांना नाव नाही, त्यांचे काही हरवलेले नाही. हेझलला पुढे शत्रूच्या अंगात शिरून त्याला वळवता येणारी एक बाहुली मिळते. त्या बाहुलीच्या युक्तीतून काही वेगळे घडू शकले असते, पण ती शेवटपर्यंत मारामारीचेच आणखी एक हत्यार राहते.

गेम 10-12 तासांत संपतो या तक्रारीबद्दल फार लिहिण्याजोगे नाही. ज्या गोष्टीला जेवढा वेळ लागतो तेवढाच तिने घ्यावा.

तुलनेसाठी एका मराठी मातीतल्या प्रयत्नाचा उल्लेख परीक्षणात हवा होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी' हा गेम आणला. असुरांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, तिच्या वाटचालीवर आपसांत बोलणारे दुर्गा आणि विष्णू, राजस्थानी धाटणीचे महाल, आणि छायाबाहुल्यांतून सांगितलेल्या पुराणकथा, असा त्याचा घाट आहे. त्याही वेळी देखणेपणाचे कौतुक झाले, आणि लढाई अवघडलेली व शेवट तुटक असल्याची टीका झाली. एक गेम मोठ्या अमेरिकी कंपनीच्या पाठबळावर, दुसरा पुण्यातल्या छोट्या चमूने केलेला; तरी दोघांवर आलेला आक्षेप जवळजवळ एकच असावा, हा मला योगायोग वाटत नाही. दोघांनीही गोष्ट आपल्या मातीतून किंवा अभ्यासातून घेतली, आणि लढण्याची पद्धत मात्र बाजारात रुळलेली, तयार मिळणारी वापरली.

एक दुरुस्ती सुचवून थांबते. पात्रांच्या हालचाली अडखळत होतात, यास आपल्या परीक्षणात तांत्रिक दोष म्हटले आहे. तो दोष नव्हे. बाहुली हाताने थोडी थोडी हलवून, एकेक चित्र टिपून केलेल्या बाहुलीपटासारखे दिसावे म्हणून ती चाल मुद्दाम तशी ठेवली आहे, आणि ज्यांना ती खटकते त्यांना खेळताना ती बंद करण्याची सोय सेटिंगमध्ये आहे. आम्ही ती बंद केली नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाच्या कलावंतांनी कळसूत्री बाहुल्या आणि चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी जिवंत ठेवली आहे. तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. त्या बाहुल्यांचा खेळ पाहिलेल्या माणसाला ठाऊक असते की बाहुली सरळ माणसासारखी चालू लागली तर तिच्याकडे कोणी पाहणार नाही. आपल्या परीक्षणकर्त्यांनी सवडीने एकदा पिंगुळीला जाऊन यावे, ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक वाचक, चिपळूण