वीस गुंठे

नाशिकरोड, रविवार

चि. मनू हिस अनेक आशीर्वाद.

काल "मला त्यांचं काही नको, कागद पाठव, सही करते" म्हणालीस नि फोन ठेवलास. सही करू नकोस.

दिंडोरीहून, बाबांच्या थोरल्या घरून, हक्कसोडपत्राचा मसुदा आलाय, वर पाच लाखांचा निरोप. आणणाऱ्यानं चहासुद्धा घेतला नाही. एवढी घाई कशाची, ते वकिलांकडे गेल्यावर कळलं. पहिली बायको हयात असताना केलेलं माझं लग्न 1955च्या हिंदू विवाह कायद्यानं रद्दबातल, मला शून्य. पण त्याच कायद्याच्या कलम 16नं तू औरस. आणि 1 सप्टेंबर 2023ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, अशा लेकराला वडिलोपार्जित मिळकतीतल्या बापाच्या वाट्यातही हिस्सा आहे. आठ एकर बागेचे आधी चार वाटे: बाबा, मोठ्या बाई आणि दोन मुलं. मग बाबांच्या दोन एकरांत त्या तिघांबरोबर तू. अर्धा एकर. वीस गुंठे.

तुला वाटेल आई पैशासाठी बोलतेय. थोडं खरंही आहे.

मनू, मी काही बिचारी नव्हते. बुधवारच्या बाजाराचं निमित्त काढून बाबा इकडे यायचे आणि मी घड्याळ लावून बसायचे, तिकडे किती तास, इकडे किती. पाडव्याची ओवाळणी त्यांच्या घरी. माझा पाडवा दरवर्षी दुसऱ्या दिवशी, शिळा. तुला दहावीला त्यांच्या धाकट्यापेक्षा जास्त मार्क पडले तेव्हा मी किलोभर पेढे बाबांच्या हाती दिले, म्हटलं दिंडोरीला द्या. महिन्यानं स्कूटरची डिकी उघडली तर बॉक्स तसाच, पेढ्यांवर हिरवी बुरशी. बाबांना काही बोलले नाही, बॉक्स कचऱ्यात टाकला.

तुला सांगितलं नव्हतं, दहाव्याला मी रामकुंडावर गेले होते. वरच्या पायरीवर उभी राहिले. मुलांनी मुंडण केलेलं. कावळा लगेच शिवला. मला रागच आला, या माणसाचं मागे काहीच राहिलं नव्हतं होय? मोठ्या बाईंनी वर पाहिलं. ओळखलं. पदर सावरला आणि पुन्हा पिंडाकडे बघत बसल्या. एक शब्द टाकला असता तर मुलांनी मला हाकललं असतं.

म्हणून त्यांच्याविषयी वेडंवाकडं बोलायचं नाही. पण तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज तिघांच्याच नावानं गेलाय. नोटिशीची मुदत पंधरा दिवस, त्याच्या आत लेखी हरकत द्यायची. सातबारावर नाव लागलं म्हणजे मालकी ठरत नाही, ती दिवाणी कोर्टात, असं वकील म्हणतात. ठरू दे तेव्हा ठरेल. तुझ्या दाखल्यावर बाबांचं नाव लागावं म्हणून मी हेडमास्तरांपुढे दोन तास बसले होते. ते तू एका सहीनं पुसणार?

शनिवारी ये. जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला आण, झेरॉक्स नको, मूळ. त्र्यंबकच्या लग्नाचा फोटो सापडलाय. बाबांनी मान खाली घातलीय, चेहरा अर्धाच दिसतो. पण भटजी आणि मावशी स्पष्ट आहेत. सप्तपदी झाल्याची साक्ष द्यायला मावशी तयार आहे. फक्त तिचे गुडघे गेलेत, तेव्हा रिक्षा पार दारापर्यंत नेणारा बघ.

तुझी,
आई